बासष्ट नंबरची हजेरी

सक्करदरा, नागपूर
रविवार, २ सप्टेंबर १९७३

प्रिय चंद्रभान,

तू गेलास त्याला पंधरा दिवस झाले. त्या शनिवारी मी कॉलेजातून खोलीवर आलो तर तुझी पेटी नाही, वळकटी नाही, दोरीवरचा टॉवेलसुद्धा नाही. घरमालकीण सिंधूताईंना विचारलं. म्हणाल्या, "गावाले जातो म्हणे. म्या म्हटलं, जेवून जाय गा, तर थांबलाच नाही." एकाच खोलीत वर्षभर राहिलेल्या माणसाला चार ओळींची चिठ्ठीही ठेवावीशी वाटू नये, याला काय म्हणावं? पण जाऊ दे. तू हट्टी, म्हणून मीच आधी नमतो.

कॉन्ट्रॅक्टच्या कायद्यात गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाला घोकलं. त्याच न्यायानं ते नकारही नव्हे, असं मी धरून चाललो आहे.

इथलं ठीक चाललंय. पहाटे पाचला नळ येतो. तू नळावर आणि मी स्टोव्हवर, अशी आपली वाटणी होती. आता मी पाणी भरून येईपर्यंत चहा आटून काळा होतो, आणि तोच पितो. सहाला सायकल काढतो. मागे तुझं धूड नसल्यामुळे ती वाऱ्यासारखी पळते, मी दहा मिनिटं आधी पोचतो आणि पायऱ्यांवर बसून राहतो. सात ते दहा कॉलेजचे तास. अकरापासून पाचपर्यंत खाली घरमालक नत्थूजींच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, त्यात खोलीचं भाडं फिटतं. उमरेडला बापाच्या मागावर बसायला नको म्हणून पळालेला कोष्ट्याचा पोरगा नागपुरात दुसऱ्याच्या कांड्या भरतो, असं तू चिडवायचास. आता चिडवायला कोणी नाही, तर काम लवकर उरकतं. मग लायब्ररी. भिंतीवरचं वेळापत्रक अजून तसंच आहे. त्यात रात्री आठ ते नऊच्या चौकटीत तू 'जागेश्वरशी भांडण' असं लिहिलं होतंस. तो तास मोकळा जातो.

आता मुद्द्याचं. टर्म मिळायला पाऊण हजेरी लागते आणि तुझी ती भरत चालली आहे. कशी, ते विचारू नकोस. विचारच. आपण एकाच दिवशी फॉर्म भरला म्हणून हजेरीपुस्तकात मी एकसष्ट आणि तू बासष्ट. एकसष्टला मी माझ्या आवाजात 'येस सर' म्हणतो, मग मान खाली घालून, घसा बसल्यासारख्या आवाजात, तुझं म्हणतो. सव्वाशे पोरांत सर मान वर करून बघत नाहीत. सिनेमाला गेलेल्यांसाठी सगळेच हे करतात, मी फक्त रोज करतो.

आणि मूट कोर्टाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. वर्गात मांडलेला खोटा खटला, खोटा आरोपी. तू साक्षीदार झालास, मी आरोपीचा वकील. वकील प्रश्न विचारणारच. पोरं हसली, ती कुणालाही हसतात. तुला गोष्टी फार लागतात बाबा.

या आठवड्यात ये. सायकलला मागे वजन नसलं की ती उड्या मारते.

तुझा,
जागेश्वर


सक्करदरा
रविवार, २३ सप्टेंबर १९७३

चंद्रभान,

माझं पत्र मिळालं असणार. तुझ्या गावच्या, नगरधनच्या पोस्टात ते हरवलं असं म्हणायची सोय मी तुला ठेवत नाही, कारण पत्ता मी छापल्यासारखा लिहिला होता आणि पाठीमागे माझाही.

एक बातमी आहे. आंतरमहाविद्यालयीन मूट कोर्टासाठी माझी निवड झाली. पुराव्याचा कायदा शिकवणारे सर भर वर्गात म्हणाले, "उलटतपासणी कशी घ्यावी हे याच्याकडून शिका. एका साध्या प्रश्नात साक्षीदार पाडला." टाळ्या पडल्या. तुला हे कळवू की नको याचा मी आठवडाभर विचार केला. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तेव्हापासून माझा भाव वधारला आहे. गेल्या वर्षी आपल्याला कँटीनमध्ये बाकाचा कोपराही मिळायचा नाही. आता धरमपेठेतली पैसेवाली पोरं हाक मारून बसवतात, सांबारवडी पुढे सरकवतात. परवा सीताबर्डीवर सिनेमाला ओढून नेलं. मध्यंतरात एकजण म्हणाला, "यार जागेश्वर, तो साक्षीदार कसा उभा होता, करके दाखव ना." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो तो सायकल काढून थेट घरी. सिनेमाचा शेवट काय झाला माहीत नाही. तुझी नक्कल मी केली नाही, एवढं मात्र खरं.

मध्ये चार दिवस ताप होता. नत्थूजी म्हणाले, "कॉलेजाले काहून जातं अशा तापात? मरतं का?" पण मी गेलो नाही तर तुझी हजेरी कोण देणार? म्हणून जात होतो. तिसऱ्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या डोक्यात आलं, की मी आलो नसतो तर माझ्या एकसष्टला 'येस सर' म्हणणारं या सव्वाशेत कोणी नाही. सांबारवडी खाऊ घालणारे आहेत. तापामुळे असेल, पण मला रडू आलं. तुला सांगायला लाज कसली.

अभ्यासाचं म्हणशील तर वह्या मी दोन प्रतींत काढतो आहे, मध्ये कार्बन घालून. खालची प्रत पुसट येते, म्हणून तुझ्यासाठी वरची ठेवतो.

ये रे आता.

जागेश्वर


सक्करदरा
रविवार, १४ ऑक्टोबर १९७३

चंद्रभान,

दसरा झाला. सोनं द्यायला मी नत्थूजी-सिंधूताईंकडे खाली गेलो आणि वर आलो, संपला दसरा. उमरेडला गेलो नाही. गेलो असतो तर आईनं पहिला प्रश्न विचारला असता, "चंद्रभान कसा आहे?"

आधीच्या दोन पत्रांत मी वकिली केली. आज करत नाही.

मी त्या दिवशी तुला विचारलं, "साक्षीदार महाशय, त्या संध्याकाळी तुम्ही काय जेवला होतात?" वर्गाला तो साधा प्रश्न वाटला. सरांनाही. सगळ्यांना वाटलं, गावाकडचं पोरगं, बिचकलं, भाजीचं नाव सांगता येईना. हसले. तू कठड्याला धरून उभा होतास आणि तुझे ओठ हलत होते. फक्त मला माहीत होतं, तुझं काय झालंय ते.

मला ते तूच सांगितलं होतंस. मागच्या उन्हाळ्यात, इथंच गच्चीवर. शेताच्या हद्दीच्या, धुऱ्याच्या भांडणात तुझ्या भावाच्या, धोंडबाच्या, काठीनं माणूस मेला. तू तेरा वर्षांचा. काकानं तुला पढवून सेशन्स कोर्टात उभं केलं, की सांग, दादा त्या संध्याकाळी घरी होता, आम्ही सोबत जेवलो. तू तसं सांगितलंस. मग सरकारी वकिलानं विचारलं, "काय जेवला होता बेटा?" ते कुणी पढवलं नव्हतं. तू म्हणालास वांग्याची भाजी, तुझी आई आधी सांगून गेली होती वरण. जज्जांनी लिहिलं, शिकवून आणलेला साक्षीदार. धोंडबाला जन्मठेप झाली. ती तुझ्या एका भाजीमुळे झाली, असं तू आजपर्यंत धरून बसला आहेस. कायदा शिकायला आलास तोही त्याचसाठी, की एकदा काळा कोट घालून त्याच कोर्टात ताठ उभं राहून बोलायचं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तुझी साक्ष त्या दिवशी छान चालली होती, माझे तिन्ही प्रश्न तू परतवले होतेस, आणि सर माझ्याकडे बघून घड्याळ बघत होते. मला हरायचं नव्हतं. तू गप्प होशील हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं. तोंडातून निसटलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण विचारायच्या आधी मी कागदावर नजर टाकल्यासारखं केलं होतं, तेवढा वेळ माझ्याकडे होता.

मी नीच वागलो. माफ कर, असं लिहायला हात होत नाही, कारण तू माफ करशील आणि मी मोकळा होईन. तुला हवं ते कर, चार शिव्या लिहून पाठव. पण वर्ष वाया घालवू नकोस. तुझी हजेरी भरली आहे. दिवाळीनंतर येऊन नुसता बाकावर बस, माझ्यापासून लांब बस. मी खोली बदलावी म्हणशील तर बदलतो.

जागेश्वर


सक्करदरा
बुधवार, २१ नोव्हेंबर १९७३

चंद्रभान,

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तरी लिहितो आहे, कारण खोलीत तुझे बाबा झोपले आहेत आणि मला झोप नाही.

परवा सकाळी अकराला मी कांड्या भरत होतो. दारात धोतर, डोक्याला शेला, हातात पिशवी. मी तुझ्या बाबांना आधी पाहिलं नव्हतं, पण नाक तुझंच. म्हणाले, "जागेश्वर बाबू तुम्हीच का? मी महादेवराव. चंद्रभानचा बाप. पोरगा कोठी गेला आहे?"

मी म्हटलं, "तो तर गावी आहे ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पिशवीतून तीन पाकिटं काढली. माझी. तिन्ही बंद. "हे तुमचेच आहेत न जी? पोस्टमन म्हणे चंद्रभानच्या नावाचे हाय. दुसऱ्याचं पत्र काहून फोडाचं? तो येईन तवा वाचन, म्हणून ठेवले."

चंद्रभान, तू गावी गेलाच नाहीस. तीन महिने. आणि मी इथं बसून तुझ्या न येणाऱ्या उत्तरावर रुसत होतो.

पुढचं ऐक. पहिली दोन पत्रं आली तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. दोस्त पत्रं गावाला टाकतो, मग पोरगा आहे कुठं? म्हणून दसऱ्याच्या आधी ते एसटीनं नागपूरला आले, विचारत विचारत थेट कॉलेजात. पाकिटामागे खोलीचा पत्ता आहे हे, त्यांना वाचता येत नाही म्हणून, कळलंच नव्हतं. ऑफिसातल्या कारकुनानं भलेपणानं हजेरीपुस्तक काढून पाहिलं आणि सांगितलं, "बाबा, तुमचा मुलगा रोज येतो. एक दिवस चुकला नाही." तुझे बाबा म्हणाले, "मले इतकं बरं वाटलं बाबू. धोतरावर वर्गात कसा जाऊ, पोराले लाज वाटन, म्हणून भायेरूनच हात जोडले अन् गाडी धरली." दिवाळीला तू आला नाहीस तेव्हा त्यांना वाटलं, अभ्यास असेल. पुस्तकात रोज हजर आहे ना. भाऊबीजही गेली, तेव्हा पोस्टमनकडून पाकिटामागचा माझा पत्ता वाचून घेतला.

मी त्यांच्यासमोर उभा होतो आणि माझ्या हातातली कांडी सुटून सूत जमिनीभर पसरलं. सिंधूताई म्हणाल्या, "काय झालं गा?" मी खाली बसून सूत गोळा करायला लागलो.

दुपारी आम्ही ठाण्यावर गेलो. हवालदारानं नाव-गाव लिहून घेतलं, कॉलेजात फोन लावला आणि आमच्याकडे वळून हसला. "काय बाबाजी, पोरगा काल-परवापर्यंत वर्गात हजर आहे. लापता कहाँ से हुआ?" तुझे बाबा माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "तुम्ही तर त्याच्या बाजूले बसता न बाबू? सांगा न साहेबाले."

तुझी खोटी साक्ष कोर्टानं मानली नाही. माझी सगळ्यांनी मानली. कारकुनानं, हवालदारानं, तुझ्या बापानं. त्यामुळे तीन महिने तुला कुणी शोधलंच नाही. मी तिथंच, ठाण्याच्या बाकाजवळ, त्यांना सांगितलं. रस्त्यानं चालताना ते एकदाच म्हणाले, "तुम्ही त्याचं भलंच करून राहिले होते." मला वाटलं त्यांनी मारायला हवं होतं.

काल सकाळी हजेरी सुरू झाली. एकसष्टला मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, बासष्ट नंबर ऑगस्टपासून आलेला नाही. त्याची हजेरी मी देतो आहे." वर्ग हसला, आणि सरांनी मला थेट ऑफिसात नेलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोघांच्याही टर्म रद्द केल्या. माझं वर्ष गेलं, मूट कोर्टातून नाव गेलं, आणि तुझं वर्षही, जे वाचवतो आहे असं मी स्वतःला सांगत होतो. सही-शिक्क्याचा कागद घेऊन आम्ही पुन्हा ठाण्यावर गेलो. आता तुझं नाव हरवलेल्यांत लिहिलं आहे.

तुझे बाबा झोपेत कण्हतात. गावाकडे धान कापणीला आलं आहे आणि ते परत जायला तयार नाहीत. कुठं असशील तिथं नुसता जिवंत अस. माझं बाकी काही म्हणणं नाही.

जागेश्वर


सक्करदरा
बुधवार, २८ नोव्हेंबर १९७३

चंद्रभान,

हे पत्र तुझ्या हातात पडेल याची आज पहिल्यांदा खात्री आहे. आधी ते जेलच्या साहेबांच्या नजरेखालून जाईल, मग धोंडबाकडे आणि धोंडबाकडून तुझ्याकडे.

तू महिन्याच्या महिन्याला भावाला भेटायला इथल्या जेलात जायचास, हे मला गेल्या गुरुवारी आठवलं. पण भेट नातेवाइकालाच मिळते. मी तुझ्या बाबांना म्हटलं, तुम्ही चला. ते भिंतीकडे तोंड करून बसले. "नऊ वर्षं झाले, म्या त्याचं तोंड पायलं नाही. माह्या पोराच्या हातून एका माणसाचा जीव गेला, त्याच्या पोराबाळाले मी रोज वावरात पाहतो. मी जाणार नाही." दोन दिवस जेवले नाहीत. सिंधूताईंनी समजावलं, नत्थूजींनी समजावलं. काल पहाटे मी नळावरून आलो तर शेला गुंडाळून तयार उभे. म्हणाले, "चला बाबू. एक पोरगा टाकला, दुसरा नाही टाकत."

मी फाटकाबाहेर थांबलो. आतलं त्यांनीच सांगितलं, तेही तुटक. धोंडबाचे केस पिकले आहेत, हे ते तीनदा म्हणाले. बाप दिसल्यावर धोंडबाला आधी ओळखच पटली नाही, आणि मग त्यानं जाळीला डोकं लावलं. तू ठीक आहेस, मागच्या महिन्यात येऊन गेलास, कुठंतरी आरागिरणीत कामाला लागला आहेस, एवढं त्यानं सांगितलं. जागा सांगितली नाही, तुला शब्द दिला आहे म्हणे. रविवारी तुझी भेट आहे, सकाळी, हेही सांगितलं. तू त्याला काय म्हणालास तेही सांगितलं. "दादा, मी काळा कोट घालूच शकत नाही. कोर्टात उभा राह्यलो का तोंडच उघडत नाही. बाबाले काय तोंड दाखवू?"

हे ऐकून तुझे बाबा बाहेर आले आणि फाटकाच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "तो वकील झाला पायजे असं म्या कवा म्हटलं? त्याले वाटलं का, त्याच्या वांग्याच्या भाजीनं धोंडबा जेलात गेला? धोंडबा त्याच्या काठीनं गेला, बाबू. हे म्या पोराले कवाच सांगितलं नाही. बोललोच नाही आम्ही घरात, नऊ वर्षं."

हे तू त्यांच्याच तोंडून ऐकावंस. पत्रातून ऐकण्यासारखं ते नाही, तरी लिहून टाकलं, कारण मला भीती वाटते की तू येणार नाहीस.

माझ्याबद्दल काही मागत नाही. तुझ्याशी बोलायची मला सवय होती, ती सुटत नाही. दिवस कसे घालवायचे हे अजून जमलेलं नाही. सकाळी कॉलेज नाही, तरी पाचला जाग येते. पुढच्या जूनमध्ये ते मला पुन्हा घेतील की नाही, माहीत नाही. तुला घ्यायला हवं. तुझी काही चूक नव्हती, असं मी प्रिन्सिपॉलसाहेबांना लेखी दिलं आहे आणि त्यावर सही केली आहे.

रविवारी धोंडबाला भेटून झालं की सरळ खोलीवर ये. मी उजाडायच्या आत बाहेर पडेन आणि दिवे लागल्याशिवाय परतणार नाही. माझं तोंड तुला बघावं लागणार नाही, याची खात्री बाळग. सिंधूताईंना सांगून ठेवलं आहे, त्या तुला थांबवणार नाहीत आणि काही विचारणारही नाहीत. खोलीत फक्त तुझे बाबा असतील. ते कालपासून दाराशीच बसून आहेत.

समोरच्या पानठेल्याआडून, तू आलास का, एवढंच लांबून बघावं असं मनात आलं होतं. तेही करणार नाही.

जागेश्वर